घरच्या बागेतील सुगंधी गुलाब

'गुलाब' हा शब्द मूळचा फारसी आहे. 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. फुलांच्या पाकळ्यांपासून काढलेल्या सुगंधी जलाचे हे नाव पुढे आपल्याकडे त्या फुलालाच मिळाले. म्हणजे या फुलाची ओळख प्रथम त्याच्या सुगंधावरून झाली, असे म्हणावयास हरकत नाही. समारंभाच्या अखेरीस अत्तरगुलाब देण्याची आपली जुनी रीतही हेच सांगते. आज मात्र सत्कारप्रसंगी हाती येणारा लांब दांड्याचा, रेखीव गुलाब नाकाशी नेला की बहुधा निराशा पदरी पडते. रूप आहे, रंग आहे. पण गंध नाही. हा गंध घरच्या बागेत पुन्हा आणता येतो. तो कसा, याचा विचार या लेखात केला आहे.

सुगंध उणावला कसा?

मोठ्या, टोकदार कळीच्या आणि एका दांड्यावर एकच फूल देणाऱ्या गुलाबांना 'हायब्रिड टी' असे म्हणतात. चीनमधून युरोपात गेलेले 'टी' गुलाब आणि तेथील 'हायब्रिड परपेच्युअल' गुलाब यांच्या संकरातून हा वर्ग निर्माण झाला. फ्रान्समधील ल्यों येथील गियो यांचा १८६७ सालचा 'ला फ्रान्स' हा गुलाबी वाण या वर्गातील पहिला मानला जातो. तो सुगंधी होता. पुढील काळात मात्र फुलांचा व्यापार वाढला. दूरच्या बाजारपेठेत टिकणारे फूल, सरळ दांडा, भडक रंग यांवर पैदासकारांची दृष्टी खिळली आणि सुगंध मागे पडला.

यासंबंधी फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेले संशोधन उद्बोधक आहे. त्यांनी 'पापा मेयाँ' हा अतिसुगंधी वाण आणि जवळजवळ गंधहीन असा 'रूज मेयाँ' हा वाण यांची तुलना केली. जिरॅनिऑलसारखी गंधद्रव्ये तयार होण्याच्या क्रियेत पाकळ्यांतील एका विकराचा (एनयूडीएक्स-१) महत्त्वाचा वाटा असतो आणि गंधहीन वाणात त्या विकराचे जनुक फारसे कार्यरत नसते, असे त्यांना आढळले. यातून आपण एक व्यावहारिक धडा घ्यावयाचा तो असा की, सुगंध हा वाणाचा उपजत गुण आहे. कोणतेही खत घालून गंधहीन झाडाला सुगंध देता येत नाही. योग्य निगेने, जो गंध मुळात आहे तो पूर्णपणे प्रकट होतो, इतकेच. म्हणून निम्मे यश कलम निवडतानाच ठरते.

वाणांची निवड

गडद तांबड्या वाणांत 'क्रिम्सन ग्लोरी' (१९३५), 'क्रायस्लर इम्पीरियल' (१९५२), 'पापा मेयाँ' (१९६३) आणि 'मिस्टर लिंकन' (१९६४) हे सुगंधासाठी प्रसिद्ध आहेत. पोवळ्याच्या रंगाचा 'फ्रॅग्रंट क्लाउड' आणि पांढऱ्यावर लाल छटा असलेला 'डबल डिलाइट' (१९७७) हेही त्याच तोडीचे. अमेरिकन रोझ सोसायटीचे सुगंधासाठी असलेले गॅम्बल पदक 'फ्रॅग्रंट क्लाउड'ला १९७० मध्ये, तर 'पापा मेयाँ'ला १९७४ मध्ये मिळाले. तथापि 'पापा मेयाँ'वर भुरी लवकर पडते, आणि कडक उन्हात गडद पाकळ्यांच्या कडा करपतात, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या देशातही या क्षेत्रात मोलाचे कार्य झाले आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल हे गव्हाच्या संशोधनाइतकेच गुलाबाच्या पैदाशीसाठी ओळखले जातात. भारतातील गुलाबावरील त्यांचा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'मृणालिनी', 'जवाहर' इत्यादी अनेक वाण दिले आहेत.

वाण देशी असो वा परदेशी, केवळ नावाच्या चिठ्ठीवर विसंबू नये. डिसेंबर-जानेवारीत, झाडे फुलावर असताना, सकाळच्या वेळी रोपवाटिकेत जावे आणि फुलाचा वास घेऊनच कलम निवडावे.

जागा, जमीन आणि लागवड

गुलाबास दिवसातून किमान सहा तास ऊन हवे. सकाळचे ऊन मिळून दुपारनंतर थोडी सावली मिळेल अशी जागा उत्तम. मोठ्या वृक्षांची मुळे जवळ नसावीत. जमीन निचऱ्याची असावी. आपल्या पठारी भागातील भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात; चुनखडीचे प्रमाण अधिक असल्यास पाने पिवळी पडतात. अशा ठिकाणी गादीवाफा करून त्यात पोयट्याची माती, वाळू आणि शेणखत मिसळावे. कोकणात अतिवृष्टीपासून मुळांचे रक्षण करण्यासाठी उंचवटा किंवा मोठी कुंडी सोयीची ठरते.

लागवडीसाठी पावसाचा जोर ओसरल्यावरचा काळ, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर, सोयीचा असतो. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड आणि मूठभर हाडांचा चुरा मातीत मिसळून भरावा. दोन झाडांत अडीच फुटांचे अंतर ठेवावे. डोळा भरलेला सांधा जमिनीच्या किंचित वर राहील, अशा बेताने कलम लावावे. सांध्याखालून, म्हणजे खुंटावरून, येणारी फूट वेळीच मुळापासून काढावी. ती वाढू दिल्यास काही काळाने मूळ वाण मरतो आणि बागेत केवळ खुंटाचे रानटी झाड उरते.

छाटणी आणि निगा

महाराष्ट्रात मुख्य छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करतात. त्यापूर्वी आठवडाभर पाणी कमी करावे. वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून उरलेल्या जोमदार फांद्या साधारण गुडघ्याच्या उंचीवर, बाहेरच्या बाजूस असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, धारदार कात्रीने तिरप्या कापाव्यात. कापावर बोर्डो मलम लावावे. त्यामुळे फांदी शेंड्याकडून वाळत जाण्याचा धोका कमी होतो. छाटणीनंतर खत व पाणी द्यावे. सुमारे सहा ते सात आठवड्यांत फुले येऊ लागतात. मोठे फूल हवे असल्यास मुख्य कळीलगतच्या बाजूच्या कळ्या लहान असतानाच खुडाव्यात. नत्रयुक्त खतांचा अतिरेक टाळावा. त्याने कोवळी पालवी माजते आणि किडींना आमंत्रण मिळते.

पाणी बुंध्याशी आणि सकाळी द्यावे. पाने रात्रभर ओली राहिल्यास काळ्या ठिपक्यांचा रोग बळावतो. अशी पाने गोळा करून नष्ट करावीत. भुरीसाठी १० लिटर पाण्यात २० ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक फवारावे. मात्र कडक उन्हात फवारणी करू नये. फुलकिडे व मावा यांवर ५ टक्के निंबोळी अर्क उपयुक्त आहे. औषध फवारलेली फुले गुलकंदासाठी किंवा खाण्यासाठी कदापि वापरू नयेत.

गंधाची वेळ

सुगंध सदैव सारखा नसतो. कोरडा वारा सुटला किंवा ऊन चढले की तो विरतो. उबदार, किंचित दमट आणि शांत सकाळी, फूल अर्धे उमललेले असताना तो सर्वाधिक जाणवतो. घरात ठेवण्यासाठी फुले त्याच वेळी कापावीत व लगेच पाण्यात ठेवावीत.

सार्वजनिक आवारांत

शाळा, ग्रामपंचायत आणि शासकीय कार्यालये यांच्या आवारांत हिरवळीपेक्षा चार-सहा सुगंधी गुलाबांचा वाफा कमी पाण्यात जोपासता येतो. अट एकच : त्याची जबाबदारी कोणा एकाकडे नेमून दिलेली असावी, कारण उन्हाळ्याच्या सुटीत पाण्यावाचून मेलेली झाडे पाहण्याचा प्रसंग अनेक शाळांवर येतो. शिक्षकांनी मुलांना डोळा भरण्याचे कौशल्य शिकविल्यास एका झाडाची दहा झाडे होतील आणि वनस्पतिशास्त्राचा एक धडा प्रत्यक्ष हातून गिरविला जाईल. गावातील एखाद्या जुन्या परसात अनामिक सुगंधी गुलाब टिकून असेल, तर त्याचे कलमही अवश्य करून घ्यावे. बाजार त्याची जपणूक करणार नाही. ती आपल्यालाच करावी लागेल.