‘रॉजर’ म्हणजे ‘पटलं’ नव्हे

बेंगळुरूत कुठल्याही दुकानात शिरा, दुकानदार मान वर करून म्हणतो, “हेळी सर.” म्हणजे ‘सांगा’. निवृत्तीनंतर इथे आलो तेव्हा कन्नडमधला हाच शब्द आधी शिकलो. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं, शब्द शिकलात, पण घरी वापरत नाही!

वायरलेसवर आम्हाला शिस्त होती. ‘रॉजर’ म्हणजे निरोप पोचला, एवढंच. हुकूम पाळतो, यासाठी ‘विल्को’ हा वेगळा शब्द. निरोप महत्त्वाचा असेल तर आकडा न् आकडा परत म्हणून दाखवायचा.

ही शिस्त मी माणसांशी बोलताना मात्र पाळली नाही. कंपनी कमांडर असताना एक जवान रजा मागायला आला. घराचं छप्पर पडलंय, म्हणाला. मी दहा सेकंदांत सही केली आणि स्वतःला दिलदार समजलो. तो दारात जरा घुटमळला, सॅल्यूट करून गेला. रजेच्या आदल्या रात्री सुभेदारसाहेब आले. छपराचं निमित्त होतं. भावाने जमीन बळकावली होती आणि गावी गेल्यावर आपल्या हातून भलतंसलतं होईल, याचीच त्याला धास्ती होती. सुभेदारसाहेबांनी काय केलं होतं? त्याला चहा दिला आणि गप्प बसले. आम्ही रजा पुढे ढकलली, त्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. ते घुटमळणं मी पाहिलं होतं, ऐकलं नव्हतं.

कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये ‘ॲक्टिव्ह लिसनिंग’ ही पुस्तिका लिहिली, तीही उद्योगधंद्यातल्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून. शब्दांबरोबर त्यामागची भावनाही ऐका आणि आपल्याला कळलं ते समोरच्याला सांगून पडताळून पाहा, हा त्यातला गाभा. पोपटपंची नको, ती लगेच कळते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेत आपल्या निम्हान्सचा मोठा वाटा आहे. १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. सैनिकांसाठी पुण्याच्या ए.एफ.एम.सी.मध्ये डिसेंबर २०२३ पासून वेगळा कक्ष सुरू झाला. आमच्या वेळी सुभेदारसाहेब होते, म्हणून निभावलं.

परवा सौ. गुडघ्याबद्दल सांगत होत्या. मी लगेच डॉक्टरांचं नाव काढलं. “डॉक्टर मलाही माहीत आहेत,” त्या म्हणाल्या. मी थांबलो. मग विचारलं, “जिना उतरताना पडायची भीती वाटते का?”

“हं,” म्हणाल्या, आणि पुढची वीस मिनिटं त्याच बोलत होत्या.