काटेरी फुलझाडे आणि नदीकाठची बाग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

काटेरी पानांचे प्रत्येक रोप म्हणजे तण, हा समज नृसिंहवाडीसारख्या शेतीप्रधान गावात स्वाभाविक असला, तरी त्यामुळे परस्परांशी नाते नसलेल्या वनस्पती एकाच माळेत ओवल्या जातात. पिवळा धोतरा मूळचा मेक्सिकोकडील आणि अफूच्या कुळातील असून त्याचे बी विषारी असते. मोहरीच्या तेलातील त्याच्याच भेसळीमुळे १९९८ मध्ये दिल्लीत अंगावर सूज आणणाऱ्या ड्रॉप्सीची साथ पसरली होती. उटकटारी मात्र सूर्यफुलाच्या कुळातील, कोरड्या माळावरची देशी वनस्पती असून करडई ही तिची जवळची नातलग आहे.

उटकटारीचा पांढुरका काटेरी चेंडू एकच फूल मानला जातो. वस्तुतः तो असंख्य चिमुकल्या फुलांचा गोळा असून ती वरून खाली क्रमाने उमलत असल्याने मधमाश्यांना आणि फुलपाखरांना अनेक दिवस मध मिळत राहतो. काटे चरणाऱ्या जनावरांना रोखतात, कीटकांना नव्हे; शेताच्या कडेने करडई पेरण्याच्या जुन्या प्रथेमागे हेच कारण आहे. दाणे भरल्यावर पोपट येतात, आणि शेतकऱ्याला जी नासाडी वाटते तीच वन्यजीवांसाठी राखलेल्या बागेची मिळकत ठरते.

अशी झाडे बाग व्यापून टाकतात, ही भीती मुख्यतः जमिनीखालील मुळांनी पसरणाऱ्या एका युरोपीय जातीमुळे रूढ झाली आहे. उटकटारी वर्षायू, म्हणजे एका हंगामात जीवन संपवणारी, असून बियांनीच पसरते. म्हणून काही बोंडे पक्ष्यांसाठी ठेवून उरलेली बी गळण्यापूर्वी खुडली की तिचा प्रसार आटोक्यात राहतो.

ही झाडे काटक असल्याने कोठेही वाढतात, हा समज येथे सर्वांत महागात पडतो. उटकटारी आणि करडई यांचे सोटमूळ, म्हणजे सरळ खोल जाणारे मुख्य मूळ, कोरड्या काळात खालची ओल शोषते, पण साचलेल्या पाण्यात ते कुजते; आणि कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील या गावाने २००५, २०१९ व २०२१ मध्ये मोठे पूर पाहिले आहेत. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी लावलेल्या रोपांची आशा धरणे व्यर्थ होय. पुराचे पाणी ओसरून काळी जमीन वाफशावर आली, म्हणजे मशागतीजोगी ओल तिच्यात उरली, की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये उंच वाफ्यावर करडई पेरावी. पुढे हिवाळ्यात पिवळी फुले केशरी होत जातात. घरात लहान मुले असल्यास फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘नारी-६’ ही बिनकाट्याची जात निवडावी, आणि कोणतीही जात असली तरी फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये.