पुरात बुडालेल्या दुचाकीचे इंजिन : निदानापासून पुनर्बांधणीपर्यंत

मुंबई : पुराचे पाणी ओसरल्यानंतर घर सावरता सावरता अनेकांचे लक्ष अंगणातील चिखलाने माखलेल्या दुचाकीकडे जाते. २६ जुलै २००५ रोजीची मुंबई, डिसेंबर २०१५ मधील चेन्नई, ऑगस्ट २०१८ मधील केरळ आणि ऑगस्ट २०१९ मधील कोल्हापूर-सांगली येथील महापुरांनंतर हेच दृश्य दिसले. दूधविक्रेता, फेरीवाला किंवा घरपोच सेवा देणारा कामगार यांच्यासाठी दुचाकी हे रोजीरोटीचे साधन असते. त्यामुळे गाडी तातडीने सुरू करून पाहण्याचा मोह होतो आणि दुरुस्त होऊ शकणारे इंजिन बहुधा याच घाईत निकामी होते.

किक का मारू नये?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवा व पेट्रोलचे मिश्रण दाबतो. हवा दाबली जाते, पाणी मात्र दाबले जात नाही. चालू इंजिनाने पाणी ओढून घेतल्यास पिस्टन मध्येच अडतो आणि त्याला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. बंद स्थितीत बुडालेल्या गाडीचा धोका वेगळा असतो. तिच्या तेलात पाणी व गाळ मिसळलेला असतो. अशा वेळी स्टार्टर किंवा किकचा वापर केल्यास बेअरिंग, पिस्टन व सिलिंडर यांवर कायमचे ओरखडे उमटतात. म्हणून प्रथम बॅटरीची जोडणी काढावी, गाडी ढकलत कार्यशाळेत न्यावी आणि तेल बदलेपर्यंत इंजिन फिरवू नये.

तेल सांगते निम्मी कथा

निदानाची सुरुवात तेल काढण्यापासून होते. तेल दुधाळ कॉफीसारखे दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे, हे निश्चित. तेलात चकाकणारा चुरा आढळल्यास लोहचुंबक फिरवून पाहतात. चुंबकाला चिकटणारा चुरा पोलादी भागांचा, तर न चिकटणारा बहुधा ॲल्युमिनियमच्या पिस्टनचा असतो.

त्यानंतर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधील पाणी बाहेर घालवले जाते. आत थोडे तेल सोडून, मॅग्नेटोच्या नटला पाना लावून क्रँक हाताने सावकाश फिरवतात. तो जाम असल्यास जोर न लावता इंजिन उघडणे हाच शहाणपणा ठरतो.

क्रँक मोकळा फिरत असल्यास कॉम्प्रेशन मोजले जाते. दाब कमी भरल्यास सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मापन करतात. या वेळी दाब वाढला तर दोष पिस्टनच्या रिंग किंवा सिलिंडरमध्ये असतो. न वाढल्यास व्हॉल्व्ह अथवा हेड गॅस्केटकडे संशय वळतो. ही साधी चाचणी अनेकदा अनावश्यक खर्च टाळते.

‘हाफ’ की ‘फुल’?

हेड, सिलिंडर व पिस्टन यांपुरत्या दुरुस्तीला कारागीर ‘हाफ इंजिन’, तर क्रँककेस उघडून केलेल्या कामाला ‘फुल इंजिन’ म्हणतात. कोणते काम हवे, हे कनेक्टिंग रॉड तपासल्यावर ठरते. रॉड खालच्या टोकाशी किंचित बाजूला सरकणे स्वाभाविक असते. वर-खाली खेळ जाणवल्यास मात्र क्रँक उतरवावाच लागतो. गाडी अनेक दिवस पाण्यात राहिली असल्यास बेअरिंगवर गंज चढतो. असे बेअरिंग धुऊन पुन्हा बसवणे ही खोटी बचत होय.

सिलिंडरवर ओरखडे असल्यास लेथ कार्यशाळेत बोअर वाढवून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येतो. मात्र सिलिंडरच्या आत विशेष धातूचा मुलामा असल्यास सहसा संपूर्ण ब्लॉकच बदलावा लागतो. पिस्टन व सिलिंडरमधील अंतर मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकेच असते. त्यामुळे ते अंदाजाने नव्हे, तर मायक्रोमीटर व बोअर गेजनेच तपासावे. व्हॉल्व्ह घासून बसवल्यावर हेडमध्ये रॉकेल ओतून गळती पाहण्याची जुनी पद्धत आजही उपयुक्त आहे.

जोडणी करताना तेलाची जाळी, पंप व मार्ग स्वच्छ करणे अत्यावश्यक असते. तेथे गाळ राहिल्यास नवे भागही तेलाविना जाम होतात. रिंगांची तोंडे एका रेषेत न ठेवणे, गॅस्केट नवे वापरणे, टायमिंगच्या खुणा जुळवणे आणि बोल्ट ठरावीक टॉर्कनेच आवळणे, ही पथ्येही तितकीच महत्त्वाची. त्यानंतरचे पहिले काही शे किलोमीटर गाडी मध्यम वेगाने, जास्त वजन न लादता चालवावी आणि तेल लवकर बदलावे.

खर्च आणि कागदपत्रे

केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान समाविष्ट असते. मात्र पाणी शिरल्यानंतर इंजिन सुरू केल्याने झालेली मोडतोड ‘परिणामी हानी’ ठरवून दावा नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे पूरक कवच घ्यावे लागते. म्हणून गाडी धुण्यापूर्वी छायाचित्रे काढून विमा कंपनीला कळवणे हिताचे. इंजिन क्रमांक क्रँककेसवर कोरलेला असतो. ती बदलल्यास परिवहन कार्यालयात नोंद करून घ्यावी, अन्यथा पुढे गाडी विकताना अडचण येते.

इंजिन दुरुस्त करावे की गाडी भंगारात द्यावी, हा निर्णय पूर्ण तपासणीनंतर हाती आलेल्या भागांच्या यादीवर आणि गाडीच्या चालू बाजारभावावर घ्यावा. तोपर्यंत किकला पाय न लावणे, हीच मालकाच्या हातातील सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे.