आजींचा हिस्सा

सकाळी ७. जुन्या दस्ताची शाई दिव्यापेक्षा उन्हात नीट लागते, म्हणून मी पक्षकारांच्या ओसरीवर भल्या सकाळी जाऊन बसते. आजचा बंगला बेंगळुरूतल्या गांधी बाजाराच्या मागचा. १८९८ च्या प्लेगनंतर पेटेतली दाटी सोडून लोक बसवनगुडीत राहायला आले, त्या पिढीने बांधलेला. खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांची टोकदार छत्री आहे. तिला इथे ‘मंकी टॉप’ म्हणतात आणि ती छावणीतल्या इंग्रजी बंगल्यांवरून इकडे आली. माथ्यावर मद्रास टेरेस, म्हणजे सागवानी वाशांवर चुन्यात उभ्या-तिरप्या बसवलेल्या विटा. आत मात्र देवघर, तुळस आणि तांबडी ऑक्साइडची जमीन.

बिल्डरने घर मागितले आहे. त्याआधी मालकीची साखळी तपासून सगळ्या भावंडांना लेखी मत द्यायचे, हे माझे काम.

९. आजी कॉफी आणतात. तीन पिढ्या बेंगळुरूत गेल्या, तरी घरात मराठीच. ऐन तिशीत विधवा होऊन त्या माहेरी परतल्या. स्वयंपाकघरावरची गळकी कौले, विहिरीचा उपसा, भाडेकरूंचे तंटे, सगळे तेव्हापासून त्यांनीच पाहिले.

“अगं, माझ्या सहीवाचून घर विकता येतं का?”

“नाही, आजी. वडिलांच्या घरात तुमचा हिस्सा भावांइतकाच आहे.”

त्यांना हे आजवर कोणी सांगितले नव्हते. मला राग येतो, आणि तो यावा असेच हे आहे.

११. उपनिबंधक कार्यालय. २००४ पासूनच्या नोंदी संगणकावर मिळतात, आधीच्या जुन्या सूचीवह्यांत शोधाव्या लागतात. खरेदीखत, गहाण, गहाणमुक्ती, वाटणीपत्र. कुठे खंड नाही.

वाटणीपत्रापाशी मी थांबते. त्यात आजींच्या आजीलाही हिस्सा दिलेला आहे. म्हैसूर संस्थानाने १९३३ मध्ये कायदा करून वाटणीच्या वेळी आई, विधवा आणि अविवाहित मुलींना वाटा दिला. ब्रिटिश हिंदुस्थानात विधवांसाठीचा कायदा आला तो १९३७ मध्ये. एवढे मोठे पाऊल, पण आज या गल्लीत ते कोणाला आठवत नाही.

१. डबा, घाईत.

२. मत लिहायला बसते. इंग्लंडमधले जुने वाडे शतकानुशतके एकाच घराण्यात अखंड राहिले, याचे एक मोठे कारण वारसाहक्कात आहे. मृत्युपत्र नसेल तर स्थावर थोरल्या मुलाकडे जाई. १९२५ च्या कायद्याने ती रीत मोडली. आपल्याकडे घर सगळ्या मुलांचे होते, म्हणून विकून पैसे वाटणे सोपे जाते आणि बंगले पडतात. हा बंगला उभा राहावा असे मला मनापासून वाटते. पण कोणाचा हक्क बुडवून तो राहायला नको.

आजींच्या बाबतीत तो बुडालाच होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला हिस्सा दिला, पण कलम २३ ने राहत्या घरात मेख मारली. पुरुष वारस वाटणी करायचे ठरवत नाहीत तोवर मुलीला ती मागता येत नसे. विधवा मुलीला तिथे राहता येई, तेवढेच. २००५ मध्ये ते कलम गेले.

५. कलम २२ अजून आहे, आणि माझ्या मताचा पहिला परिच्छेद त्याचाच. प्रथम वर्गाच्या वारसांपैकी एकाने आपला हिस्सा विकायला काढला, तर तो विकत घेण्याचा अग्रहक्क उरलेल्यांना आहे. किमतीवर एकमत झाले नाही, तर ती न्यायालय ठरवते. भावांना विकायचे असेल, तर आधी आजींना विचारावे लागेल.

७. मताच्या प्रती सगळ्यांना पाठवून आजींना फोन करते. पैशांची जुळवाजुळव हाच खरा प्रश्न. “पुतणीला बंगला ठेवायचाय, ती कर्ज काढायला तयार आहे,” त्या म्हणतात. “तू किंमत काढणारा माणूस बघ. भावांशी मी बोलते.”