इमारत-सुरक्षेचे बदलते नियम आणि नागपुरातील जुन्या महाविद्यालयीन वास्तू

इमारतीचा नकाशा ज्या वर्षी मंजूर होतो, त्या वर्षीचे नियम तिला कायमचे चिकटतात. पुढे नियम कितीही कडक झाले तरी उभ्या भिंतींना ते सहसा आपोआप लागू होत नाहीत. नव्या नियमावलीचे स्वागत करताना ही गोष्ट नजरेआड होते. प्रस्तुत लेखात महाविद्यालयीन इमारतींच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. संहिता हा कायदा नव्हे. राज्य शासन किंवा स्थानिक संस्था आपल्या नियमावलीत तिचा समावेश करते, तेव्हाच ती बंधनकारक ठरते. महाराष्ट्र शासनाने २ डिसेंबर २०२० रोजी एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. बृहन्मुंबई व काही विशिष्ट क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू झाली आणि नागपूरची जुनी स्वतंत्र नियमावली मागे पडली. या नियमावलीनुसार नव्या इमारतीचे संरचनात्मक आरेखन संहितेप्रमाणे व भारतीय मानकांप्रमाणे करावे लागते. मानके मात्र सतत बदलत आली आहेत.

१९८० च्या दशकातील महाविद्यालयीन इमारतीचे उदाहरण घेता येईल. त्या काळी आय. एस. ४५६ या मानकाची १९७८ ची आवृत्ती प्रचारात होती. तीनुसार सलोह काँक्रीटसाठी एम-१५ ही प्रत चालत असे. २००० च्या आवृत्तीने एम-२० ही किमान प्रत ठरविली. हा आकडा म्हणजे अठ्ठावीस दिवसांनंतर काँक्रीटची दाब सोसण्याची शक्ती, प्रतिचौरस मिलिमीटर न्यूटनमध्ये. प्रश्न केवळ ताकदीचा नाही. कमी प्रतीचे काँक्रीट अधिक सच्छिद्र असते. हवा व ओल सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि वरचे आवरण फोडून टाकते. नागपूरच्या कडक उन्हाळ्यात तापलेल्या गच्चीवर पाठोपाठ पावसाळा येतो, आणि काळ्या मातीतील पाया ओलाव्यानुसार हलतो. त्यामुळे येथे तडे लवकर पडतात. नॅकच्या भेटीपूर्वी त्यांवर रंग चढतो, हा भाग वेगळा.

भूकंपाचा नकाशाही स्थिर नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसर हादरला, तेव्हा तो सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात गणला जात होता. २००२ च्या सुधारणेत पहिला विभागच रद्द झाला. लातूर तिसऱ्या विभागात गेले, नागपूर दुसऱ्यात राहिले.

जुन्या वास्तूंपर्यंत हात पोहोचविणाऱ्या तरतुदी मोजक्याच, त्यांतील दोन महत्त्वाच्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून स्थैर्य प्रमाणपत्र सादर करावे लागते. नागपूर महानगरपालिका २०१२ पर्यंत १९४८ च्या स्वतंत्र अधिनियमाखाली होती. त्यानंतरच ती या कायद्याच्या कक्षेत आली. दुसरी तरतूद महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मधील. अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये देणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे.

शिक्षणक्षेत्राला या तरतुदींचे महत्त्व किती, हे १६ जुलै २००४ च्या कुंभकोणम येथील शाळेच्या आगीने दाखविले. तीत ९४ मुले दगावली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला आणि मान्यता देण्यापूर्वी इमारतीची सुरक्षितता पाहण्याचे निर्देश दिले. तरीही ९ जानेवारी २०२१ रोजी नागपूरपासून काही तासांच्याही अंतरावर नसलेल्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीमुळे दहा नवजात बालकांचा मृत्यू झाला.

खरी अडचण कागदांपासून सुरू होते. अनेकदा मूळ संरचना-आराखडे सापडत नाहीत. मग अभियंत्याला रिबाउंड हॅमर, ध्वनिलहरींचा वेग आणि काँक्रीटचा गाभा काढून केलेली चाचणी यांवरच अंदाज बांधावा लागतो. पुढे मजला चढविला असल्यास मूळ पाया किती भारासाठी होता, हे आराखड्याविना ठरविणे अधिकच कठीण. खर्चही कळीचा मुद्दा आहे. अनुदानित महाविद्यालयांचे अनुदान प्रामुख्याने वेतनावर जाते. इमारतीचा भार संस्थेवरच पडतो.

तीस वर्षांची गणना पूर्णत्व प्रमाणपत्र, भोगवटा परवानगी किंवा निम्म्या बांधकामाचा प्रत्यक्ष वापर, यांपैकी जे आधी घडले त्या दिवसापासून होते. १९९० मध्ये वापरात आलेल्या इमारतीची तीस वर्षे २०२० मध्ये संपली. प्रमाणपत्र त्यानंतर वर्षभरात द्यावयाचे होते, आणि पुढील तपासणी दहा वर्षांनी, किंवा आयुक्तांनी ठरविल्यास त्याआधीही.