साक्षीदारावर सक्ती आणि त्याचा हक्क

फौजदारी खटले रखडले की ‘साक्षीदार हजर होत नाहीत’ हे कारण हटकून पुढे केले जाते. ते खोटे नाही. परंतु साक्षीदारास आणण्याचे सामर्थ्य कायद्यापाशी नाही, असे कोणी समजत असेल तर तो भ्रम होय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने न्यायालयास त्याची साधने दिली आहेत. प्रथम समन्स, त्यास दाद न दिल्यास वॉरंट, वॉरंट चुकविण्यासाठी फरारी झाल्यास जाहीरनामा आणि मालमत्तेची जप्ती. शिवाय न्यायालयाचे समन्स हेतुपुरस्सर डावलणाऱ्यास भारतीय न्याय संहितेनुसार ६ महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायद्याचा हात इतका लांब असूनही ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण जिवंत का राहावी? रोजगार बुडवून आलेला साक्षीदार व्हरांड्यात दिवसभर ताटकळतो आणि पुढची तारीख घेऊन परततो, हे त्याचे उत्तर आहे. वास्तविक हजर साक्षीदाराची तपासणी केल्यावाचून, लेखी नमूद केलेल्या विशेष कारणाखेरीज, सुनावणी तहकूब करू नये असे हीच संहिता बजावते. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत, ही सबबही तिला मान्य नाही. साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारने द्यावा असा हुकूम मात्र न्यायालयाने योग्य वाटल्यास करावयाचा! म्हणजे हजेरी ही सक्ती आणि खर्च ही मेहेरबानी.

नुसत्या हजेरीने न्याय होतो असेही नाही. बडोद्याच्या बेस्ट बेकरी खटल्यात साक्षीदार न्यायालयात आले, पण जबाब फिरवून गेले. २००३ साली सर्व आरोपी सुटले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयास फेरसुनावणी महाराष्ट्रात घेण्याचा आदेश द्यावा लागला. २०१८ साली त्याच न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. नव्या संहितेने तर अशी योजना करणे प्रत्येक राज्यावर बंधनकारक केले आहे. ती कागदावर राहता कामा नये.

आमची सूचना साधी आहे. वॉरंट काढण्यापूर्वी तो साक्षीदार पूर्वी किती वेळा येऊन साक्ष न देताच परतला, हे न्यायालयाने पाहावे. आणि त्याचा भत्ता त्याच दिवशी त्याच्या हाती पडावा. जो कायदा नागरिकाचा दिवस हक्काने मागतो, त्याने तो दिवस वाया जाऊ देऊ नये.