जोड शाबूत, शेजार मऊ

आमच्या वसतिगृहाच्या भिंतीला रंग देताना अ‍ॅल्युमिनियमची शिडी मोडली आणि रंगाऱ्याचा पाय दुखावला. शिडी महिन्यापूर्वीच धाराशिवमध्ये वेल्डिंग करून आणलेली. सर्वांनी वेल्डरला दोष दिला, आम्हीही दिला. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत आकडेमोड करणारे. पण दांडा हाती घेतला तेव्हा दिसले की जोड शाबूत आहे. तुटले ते जोडाच्या बोटभर शेजारी.

मग चार पुस्तके चाळली. शिड्यांना वापरतात त्या ६०६१ सारख्या मिश्रधातूत मॅग्नेशियम व सिलिकॉन असते. कारखान्यात तो सुमारे १७० अंशांवर काही तास ठेवला की आत अतिसूक्ष्म कण तयार होतात. त्याचे बळ ते हेच. वेल्डिंगच्या आचेने हे कण जाडे होतात किंवा विरघळतात आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना साधारण २५ मिलिमीटरपर्यंत धातू मऊ पडतो.

हा मऊपणा गोळी दाबून, खळगा मोजून कळतो. ही ब्रिनेल यांची १९०० सालची युक्ती. आय.टी.आय.च्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल, पोलादात हा आकडा सुमारे ३.४ ने गुणला की ताणशक्ती मेगापास्कलमध्ये मिळते. अ‍ॅल्युमिनियमला असा एकच गुणक नाही. पक्क्या ६०६१ चा कठीणपणा ९५ आणि ताणशक्ती ३१०, म्हणजे गुणक ३.३. पूर्ण मऊ केलेल्याचा ३० आणि १२४, गुणक ४.१. धातू कायमचा वाकू लागतो तो ताण पाहावा तर घोटाळा आणखी मोठा. पक्क्यात २७६, मऊ स्थितीत ५५. पक्क्याचा गुणक, २.९, मऊ धातूला लावला तर ५५ ऐवजी ८७ येतात! कारण मऊ धातू गोळीखाली दबता दबताच कठीण होत जातो, खळगा लहान उमटतो आणि आपण फसतो. शिवाय जोडात हायड्रोजनची छिद्रे राहिली असली तरी खळग्याला त्यांचा पत्ता नसतो.

तरीही ही चाचणी टाकाऊ नाही. जोडाला आडवे खळगे ओळीने उमटवले की सर्वांत मऊ जागा सापडते. मात्र तिथले बळ किती, हे पट्टी कापून, ताणून तोडल्यावरच कळते. ६०६१ चा जोड ताणला तर निम्म्याच्या आसपास, १६५ मेगापास्कल, एवढाच धरतात. ६ मार्च २०२२ रोजी सुरू झालेल्या पुणे मेट्रोचे डबे अ‍ॅल्युमिनियमचेच आहेत. अशा कामात हा उणेपणा आधीच हिशेबात घेऊन जोडाजवळ पत्रा जाड ठेवता येतो. आमच्या शिडीला ती सोय कुठली? दांडा वेल्ड करून आणा, असे आम्हीच सांगितले होते.

वेल्डरकडे जाऊन हे सांगितले. तो म्हणाला, “साहेब, मी तवाच म्हणलो होतो, नवी घ्या.” नवी शिडी घेतली, रिव्हेटची.